एलियाहू ते इल्युशिन: एका नावाची भटकंती

आक्षीकर

नावांवर इथे पुष्कळ धागे झालेत, पण बहुतेक आपल्याच नावांवर. आज एक पाहुणं नाव घेऊन आलोय. निमित्त किरकोळ. आमच्या टीममध्ये हैदराबादचा इल्यास आहे, कोट्टायमचा एलियास आहे आणि मध्यंतरी बेलग्रेडहून एक इलिया येऊन मिळाला. तिघं रोज एकाच कॉलवर असतात आणि तिघांचं नाव एकच आहे याचा एकालाही पत्ता नव्हता. मी अलिबागकडचा, त्यामुळे चौथं रूप शाळेपासून कानावर आहे: एलियाहू हन्नाबी, म्हणजे बायबलमधला एलियाहू संदेष्टा.

मूळ नाव हिब्रू. 'एल' म्हणजे देव, 'एली' म्हणजे माझा देव आणि 'याहू' हे ज्यूंच्या देवाच्या 'याहवे' या नावाचं आखूड रूप. 'माझा देव याहूच.' हाच 'एल' दानिएल, शमुएल, गब्रिएल यांच्या शेवटी येतो आणि हाच 'याहू' यशायाहू, यिर्मयाहू, नेतान्याहू यांच्या शेवटी. एलियाहूच्या वाट्याला दोन्ही आले. गोष्टीतही हे नाव नुसतं नाव नाही, ते सरळ भांडण आहे. इ.स.पू. नववं शतक, उत्तरेकडचं इस्राएल राज्य, अहाब राजा, त्याची सीदोनची राणी ईजबेल आणि तिने आणलेला बआल देव. तीन वर्षं पावसाचा थेंब नाही. एलियाहू कर्मेल डोंगरावर बआलच्या ४५० संदेष्ट्यांशी पैज लावतो: ज्याचा देव वेदीवर आग पाडेल तो खरा. आग पडते आणि लोक ओरडतात, 'याहवे हाच देव!' म्हणजे त्याचंच नाव, उलट्या क्रमाने. मग पाऊस येतो.

पुढे हा माणूस मरत नाही. अग्निरथ येतो, वावटळ येते, तो सदेह वर जातो. मेला नाही म्हणजे परत येणार, हे ओघाने आलं. म्हणून ज्यू घरांत वल्हांडणाच्या (पासओव्हर सणाच्या) रात्री त्याच्या नावाचा पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात. मुलाच्या सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्ची मांडतात. माझं म्हणणं एवढंच, की हे नाव जिथे गेलं तिथे ही गोष्ट बरोबर घेऊन गेलं, आणि त्या मुलखात आभाळ, पाऊस, वीज, डोंगर यांचं जे काही आधीपासून होतं त्याच्या जागेवर जाऊन बसलं. नुसते उच्चार बदलत गेले असते तर मी धागा काढलाच नसता.

तरी उच्चारांचं थोडं सांगतोच, कारण त्यात एक मजेशीर सीमारेषा आहे. ग्रीकमध्ये मधला 'ह' टिकत नाही आणि पुरुषाच्या नावाला शेवटी 'स' लागतो. झालं एलियास. तिथून दोन वाटा. रोमच्या वाटेने गेलं तिथे 'ए' राहिला: स्पॅनिश, पोर्तुगीज, जर्मन एलियास, फ्रेंच एली. कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेने गेलं तिथे 'इ' झाला, कारण तोवर ग्रीकांच्या तोंडी त्या 'ए'चा 'ई' झाला होता: रशियन इल्या, सर्बियन इलिया, जॉर्जियन इलिया. रुमानियन भाषा लॅटिनच्या कुळातली, पण तिथला पंथ पूर्वेकडचा, म्हणून १९७२ ची यूएस ओपन जिंकणारा नास्तासे 'इलिये' होता. हंगेरी मात्र कॅथलिक असूनही 'इल्लेश' म्हणते. शेजार कुणाला चुकलाय?

इंग्लिशची तऱ्हा वेगळी. मध्ययुगात तिकडे 'एलिस' म्हणायचे, त्यातून एलिस आणि एलियट ही आडनावं आली. अहमदाबादचा एलिस ब्रिज मुंबई इलाख्यातल्या एका एलिससाहेबाच्या नावाने आहे, तो याच आडनावाचा. पुढे बायबलचं भाषांतर करणाऱ्यांनी जुन्या करारात हिब्रूवरून 'एलायजा' आणि नव्या करारात ग्रीकवरून 'एलियास' लिहिलं. १६११ च्या प्रसिद्ध भाषांतरात एकच माणूस दोन नावांनी वावरतो. एलायजातला 'ज' म्हणजे मूळचा 'य'. योहानचा जॉन आणि याकोबाचा जेकब झाला तसाच.

आता आपल्या अंगणात. आमच्या जिल्ह्यात बेने इस्राएल समाज शतकानुशतकं राहिला. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, ही त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. या लोकांनी हिब्रू नावं इतकी मुरवून घेतली की अब्राहामचा आबाजी, शमुएलचा सामाजी, दाविदाचा दाऊदजी आणि एलियाहूचा एलोजी झाला. जुन्या कागदात 'एलोजी' वाचलं तर शंभरातल्या नव्वद जणांना तो कुणबी वाटेल. अलिबागजवळच्या खंडाळ्यात (घाटातलं नव्हे) कातळावर काही खुणा आहेत. एलियाहूचा रथ इथे टेकला आणि इथूनच तो स्वर्गात गेला, असं ही मंडळी मानतात.

बाकीचं प्रतिसादांत. ज्यांच्याकडे या नावाचं आणखी एखादं रूप असेल त्यांनी जरूर टाकावं.

वाह्यात_वाटसरू

जागा धरून ठेवतो. तोवर एक प्रामाणिक शंका: ई-मेलवाल्या याहूचा संबंध आहे का?

आक्षीकर

नाही.

प्राचीन_प्रभाकर

लेख चांगला आहे, पण मूळ सांगायचं राहिलं. 'एल' म्हणजे आपली 'इला', आणि 'इलावृत' हा पुराणांतला प्रदेश. एलियाहू म्हणजे 'इलायाः' असा सरळ संस्कृत शब्द आहे. अभ्यासकांनी विचार करावा.

शब्दवेल्हाळ

प्रभाकरराव, विचार केला. 'एल' हा शब्द शेमी भाषांत सगळीकडे सापडतो: अक्कादीत 'इलु', उगारितच्या मातीच्या पाट्यांवर 'एल' नावाचा थोरला देव, अरबीत 'इलाह'. त्याची पाळंमुळं त्याच घरात आहेत. 'इला' आपली आपल्याकडे सुखाने नांदू द्या.

आक्षीकर, धागा झकास. थोडी भर. 'एली' नावाने तीन वेगळ्या गोष्टी फिरतात आणि लोक हमखास गोंधळतात. एक, बायबलमधला याजक एली, ज्याच्या हाताखाली बाल शमुएल वाढला. त्याच्या नावाची सुरुवात हिब्रूत 'अयिन' अक्षराने होते, त्याचा आपल्या नावाशी संबंध नाही. दोन, 'एली' म्हणजे 'माझा देव', ही नुसती हाक. तीन, एलियाहूचं घरगुती लाडकं रूप. यातल्या दोन आणि तीनची गल्लत थेट नव्या करारातच नोंदलेली आहे. क्रुसावर येशू 'एली, एली' अशी आरोळी मारतो तेव्हा जवळ उभे असलेले काही जण म्हणतात, हा एलीयाला बोलावतोय! मराठी बायबलमध्ये हा संदेष्टा 'एलीया' असाच आहे, त्यामुळे तो घोटाळा आपल्यालाही कानाने कळतो. इंग्लिशमध्ये तो एलायजाच्या 'जा'खाली दबून जातो.

दुसरं, ग्रीसबद्दल. तिथे डोंगराच्या माथ्यावर देवळी दिसली की ती बहुतेक प्रोफितिस इलियासची, म्हणजे आपल्याच माणसाची. टायगेटस पर्वताचं सर्वात उंच शिखर, साधारण २४०० मीटरचं, त्याचंही नाव तेच. काही जण म्हणतात की हा मुळात सूर्यदेव हेलिओस, त्याच्याच टेकड्या याने घेतल्या. ग्रीक उच्चारात 'इलिओस' आणि 'इलियास' अगदी शेजारी बसतात आणि रथही दोघांकडे आहे. ऐकायला छान वाटतं. पण प्रत्येक माथ्यावर आधी हेलिओसचं देऊळ होतं याला पुरावा मिळत नाही, आणि मुळात बायबलातला एलियाहूच डोंगरावरचा आहे. कर्मेल काय, होरेब काय.

मला त्याहून आवडते ती ग्रीक लोककथा. तिच्यात इलियास खलाशी असतो. समुद्राला विटतो, वल्हं खांद्यावर टाकतो आणि आत आत चालत सुटतो. भेटेल त्याला विचारतो, हे काय आहे? 'वल्हं' असं उत्तर आलं की पुढे. शेवटी डोंगरावरचे लोक म्हणतात, 'हे? लाकूड आहे.' तो तिथेच मुक्काम ठोकतो. ओडिसियसलाही वल्हं घेऊन असंच चालायला सांगितलेलं होतं, म्हणजे ही गोष्ट संदेष्ट्यापेक्षा जुनी, फक्त माणूस बदलला.

कोकणकन्या_८२

वल्ह्याची गोष्ट लय भारी! वाचनखूण साठवली.

लोदची_मावशी

एका भाच्याने हा धागा पाठवला म्हणून वाचला. आमचं मूळ पेणकडचं, आता आयुष्य इथे इस्राएलात गेलं. तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, पण मलिद्याचा उल्लेखच नाही म्हणजे काय?

आमच्यात शुभकार्य असो, नवस फेडायचा असो, घर घेतलं असो, पोरगा सैन्यातून सुखरूप आला असो, एलियाहू हन्नाबीचा मलिदा होतोच. मोठं ताट घ्यायचं. पोहे भिजवून त्यात ओल्या नारळाचा चव, साखर, वेलदोडे, बदाम, पिस्ते, बेदाणे. पोह्यांच्या भोवती पाच तऱ्हेची फळं. बाजूला सब्जाची डहाळी, तिचा वास घ्यायचा आणि वासाचा वेगळा आशीर्वाद म्हणायचा. इथे सब्जा नाही मिळाला तर आम्ही बाजारातलं रेहान आणतो, तसाच वास. घरातली बाप्ये मंडळी डोक्यावर टोपी घालून हिब्रू प्रार्थना म्हणतात, 'एलियाहू हन्नाबी, एलियाहू हन्नाबी' असा गजर होतो आणि मग ताट वाटतात. शेजारच्या मोरोक्कोच्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा विचारत होत्या, हे कुठल्या ग्रंथात आहे? म्हटलं, तू आधी खा.

शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवसाला बाकीचे ज्यू झाडांचं नवं वर्ष म्हणतात. आमची जुनी माणसं त्याला 'एलियाहू हन्नाबीचा उरूस' म्हणायची. उरूस हा शब्द मुसलमानांचा, सण ज्यूंचा, ताटातले पोहे कोकणातले. खंडाळ्याला त्याच दिवशी जायचं.

आणि चित्र! आमच्या प्रत्येक घरी भिंतीवर असायचं. लाल-पिवळ्या ज्वाळांत रथ, घोडे उधळलेले, पांढऱ्या दाढीचा एलियाहू, त्याचा झगा खाली सुटलेला आणि जमिनीवर त्याचा चेला अलीशा दोन्ही हात वर करून उभा. पेणला आमच्या शेजारच्या काकू दाराशी आल्या की त्या चित्राला नमस्कार करायच्या. बाबा म्हणायचे, आम्ही चित्राला नमस्कार करत नाही हो. त्या म्हणायच्या, तुम्ही नका करू, मी करते.

इथे एलियाहू नावाला घरोघरी 'एली' म्हणतात. आमच्या बाजारात भाजीवाला एली, बस चालवणारा एली, दातांचा डॉक्टर एली.

शब्दवेल्हाळ

मावशी, या एका प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला. अजून लिहा.

गिरणगावकर

मुंबईत हे नाव रस्त्यावर उभं आहे. काळा घोड्याजवळ जे निळं सिनेगॉग प्रसिद्ध होतं (आता दुरुस्तीनंतर रंग बदललाय), त्याचं नाव केनेसेथ एलियाहू. १८८४ साली जेकब ससून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधलं. वडील म्हणजे एलियास डेव्हिड ससून, बगदादी ज्यू, डेव्हिड ससून यांचे चिरंजीव. गंमत बघा, देवाच्या दारात ते एलियाहू आणि पेढीवर एलियास. १८६७ साली वडिलांच्या पेढीतून बाहेर पडून त्यांनी स्वतःची काढली ती 'ई. डी. ससून'. त्यातला 'ई' हाच. पुढे त्या गटाच्या गिरण्या 'इंडिया युनायटेड' झाल्या. माझे आजोबा तिथे साच्यावर होते, त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत 'इडी' एवढंच. एलियाहूचं याहून आखूड रूप कुणाकडे असेल तर दाखवा.

अवांतर: ज्यूंच्या प्रार्थनाघराला आपण काय म्हणतो त्याचाही कधी तरी धागा काढा. पुण्यातलं ससूनांचं सिनेगॉग 'लाल देऊळ'. मुंबईत १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे शमुएल यहेज्केल, यांनी बांधलेली 'जुनी मशीद', आणि मशीद बंदर हे नाव तिच्यावरूनच पडलं असं सांगतात. म्हणजे एकाच धर्माचं घर पुण्यात देऊळ, मुंबईत मशीद.

वाह्यात_वाटसरू

पुणेकरांनी देऊळ म्हटलं हेच नवल. दुपारी एक ते चार बंद असेल.

मिरजवाला

माझंच नाव इल्यास, तेव्हा हजेरी लावणं भाग आहे.

कुराणात इल्यास दोन ठिकाणी येतात. सहाव्या सूरेत जकरिया, यह्या आणि ईसा यांच्या रांगेत नाव आहे, आणि सदतिसाव्या सूरेत तीच बआलची गोष्ट थोडक्यात: तुम्ही बआलला हाक मारता आणि सर्वोत्तम निर्मात्याला सोडता? तिथेच शेवटी 'इल्यासीन'वर सलाम आहे. तो शब्द त्या सूरेच्या यमकात बसतो. ते इल्यासच की त्यांचे लोक, यावर टीकाकारांनी बराच खल केलाय. आमच्या नावाच्या शेवटचा 'स' ग्रीकांच्या हातून आला हे आज कळलं. हिब्रूतून सरळ आलं असतं तर तो नसता, खरं आहे. अरब ख्रिस्ती लोकांत इल्यासही चालतं आणि इलियाही.

पण खरी मजा तुर्कांकडे. आपल्याकडे ख्वाजा खिज्र माहीत आहेत, पाण्याशी आणि हिरवळीशी जोडलेले, तेही न मेलेले. तुर्कांनी 'हिजिर' आणि 'इल्यास' या दोघांची वर्षातून एकदा भेट घडवून आणली आणि त्या दिवसाचं नाव दोघांची मोट बांधून 'हिदरेल्लेझ' केलं. ६ मे. थंडी संपली, बाहेर पडा. आदल्या रात्री गुलाबाच्या झाडाखाली आपल्या इच्छेचं चित्र काढून किंवा चिठ्ठी लिहून ठेवायची. २०१७ साली तुर्कस्तान आणि उत्तर मॅसेडोनिया यांच्या नावाने तो युनेस्कोच्या यादीत गेला. बाल्कनातले रोमा लोक त्यालाच 'एदेरलेझी' म्हणतात. त्या शब्दात माझं नाव कुठे आहे ते शोधायला भिंगच लागेल.

स्कोप्येवाला

मिरजवाला, बरं झालं मॅसेडोनियाचं नाव काढलंत. मी कामानिमित्त काही काळ स्कोप्येला होतो. तिथे ६ मे जेवढा महत्त्वाचा तेवढाच २ ऑगस्ट, म्हणजे 'इलिनदेन', इलियाचा दिवस. १९०३ साली याच दिवशी उस्मानी राजवटीविरुद्ध उठाव झाला, तो इलिनदेनचा उठाव म्हणूनच ओळखला जातो. क्रुशेवो गावात जेमतेम दहा दिवस टिकलेलं प्रजासत्ताक उभं राहिलं. आज २ ऑगस्ट तिथला राष्ट्रीय सण आहे. एखाद्या संदेष्ट्याचं नाव असं क्रांतीच्या तारखेला चिकटलं, की मग चर्चमध्ये न जाणाऱ्यांच्या तोंडीही ते रोजचं होऊन जातं.

स्लाव्ह लोकांत इलिया हा ढगांचा मालक. सर्बियात त्याला 'ग्रोमोव्हनिक' म्हणतात, गडगडाट करणारा. ढग गरजले की याचा रथ चाललाय. ख्रिस्ती होण्याआधी हे खातं पेरून नावाच्या देवाकडे होतं, आणि बदली कशी झाली याचा एक कागद शिल्लक आहे. ९४५ साली कीव्हचा राजा इगोर आणि बायझंटाइन सम्राट यांच्यात तह झाला. जुन्या रशियन बखरीत लिहिलंय की इगोरच्या माणसांतल्या मूर्तिपूजकांनी पेरूनच्या टेकडीवर शपथ घेतली आणि जे ख्रिस्ती होते त्यांनी इलियाच्या चर्चमध्ये. म्हणजे जुना साहेब आणि नवा साहेब काही काळ एकाच कचेरीत बसत होते.

बॉस्नियात तर मुसलमानही हा दिवस पाळायचे. तिकडची म्हण आहे: दुपारपर्यंत इलिया, दुपारनंतर आलिया (म्हणजे अली). आणि रशियात इल्याच्या दिवसानंतर नदीत पोहायला बंदी. कारण? इल्याने पाण्यात लघवी केली, पाणी गार झालं. आज्या अजूनही नातवंडांना हेच सांगतात.

रशियनांच्या इल्याचं आपल्या बोलण्यात रोजचं रूप म्हणजे 'इलिच'. व्लादिमीर इलिच लेनिन म्हणजे इल्याचा मुलगा व्लादिमीर. चायकोव्हस्की प्योत्र इलिच, ब्रेझनेव्ह लेओनिद इलिच. कॉम्रेड मंडळींनी घरात ज्याची तसबीर लावली त्याच्या बापाचं नाव संदेष्ट्याचं होतं.

गिरणगावकर

इलिच म्हटल्यावर मेचनिकोव्ह आठवले. इल्या इलिच मेचनिकोव्ह, बापाचं नाव तेच मुलाचं. पांढऱ्या पेशी जंतू खातात हे दाखवल्याबद्दल १९०८ चं नोबेल. पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि तिथे 'एली मेचनिकोफ' झाले. आक्षीकरांची 'ए' आणि 'इ'ची सीमा एका माणसाने नोकरीसाठी ओलांडली! त्यांचाच ओडेसाचा विद्यार्थी व्लादिमीर हाफकिन, ज्याला त्यांनी पाश्चरमध्ये आधी ग्रंथपालाची जागा मिळवून दिली. तो पुढे मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्या नावाची.

गोंयचो_भुरगो

इल्युशिन शीर्षकात टाकलंत आणि लेखात विसरलात? मीच लिहितो. इल्याचं लाडकं रूप 'इल्युशा', त्यावरून आडनाव इल्युशिन, आणि त्या आडनावाच्या विमानकर्त्याची विमानं. आमच्या दाबोळीला आयएनएस हंसावर नौदलाची इल्युशिन-३८ १९७७ पासून होती. लहानपणी वास्कोत डोक्यावरून घरघर गेली की आज्जी म्हणायची, आयलें इलुशीन. अग्निरथात बसून वर गेलेल्या माणसाचं नाव विमानाला, यापेक्षा योग्य योगायोग नाही.

दुसरं, गोव्यात आणि मुंबईत 'कार्मेल' नावाच्या ज्या शाळा आणि चर्चेस आहेत तेही याचंच डोंगरी घर. कार्मेलाइट संघाची मुळं त्या कर्मेल डोंगरावरच्या तपस्व्यांत आहेत आणि ते एलियासला आपला आद्यपुरुष मानतात. कॉन्व्हेंटात शिकलेल्या अर्ध्या पोरींच्या शाळेच्या बिल्ल्यावर तो डोंगर आहे, आणि एकीलाही बआलची गोष्ट कुणी सांगितली नसेल.

पुणे_व्हाया_पाला

कोट्टायमच्या एलियासबद्दल. केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांत हे नाव आधीपासून आहेच, पण याकोबी पंथात त्याला आणखी एक वजन आहे. त्यांचे सर्वोच्च धर्मगुरू (पॅट्रिआर्क) इग्नेशियस एलियास तिसरे हे पंथातली भांडणं मिटवायला केरळात आले आणि १९३२ साली मंजनिक्करा इथे वारले. तिथेच दफन. दर फेब्रुवारीत लोक कोसच्या कोस चालत तिथे जातात. आपल्या वारीची सवय असलेल्याला पाहून बरं वाटतं.

सह्याद्रीचा_सोबती

कुणी मूळ मुद्द्याला हात घालेल म्हणून थांबलो होतो. अलिबाग! हे 'एलीची बाग' आहे ना? एली नावाच्या बेने इस्राएल गृहस्थाच्या आंब्या-नारळाच्या बागा होत्या, त्यावरून गाव. आम्हाला ट्रेकला गाइडने हेच सांगितलं.

आक्षीकर

ही हकिकत बेने इस्राएल मंडळी सांगतात, मीही लहानपणी ऐकली. पण जुन्या कुलाबा गॅझेटियरात अली नावाच्या श्रीमंत मुसलमानाचा उल्लेख आहे, त्याने विहिरी खणल्या आणि बागा लावल्या. दोन्ही बाजूंना बागा आहेत, माणूस मात्र एकच हवा. माझं मत अलीच्या बाजूने झुकतं. या समाजाची जुनी नावं आबाजी, एलोजी अशी 'जी' लावून येतात. नुसत्या 'एली'ची बाग म्हणायची तर 'एलोजीची बाग' का झाली नाही, हे कुणी सांगावं.

लोदची_मावशी

गॅझेटियर लिहिणारा साहेब कुणाला विचारून लिहीत होता ते आधी सांगा. मामलेदाराला. मामलेदार कुठला? देशावरचा.

आक्षीकर

मावशी, यावर माझ्याकडे उत्तर नाही. :)

म्युनिकची_नवआई

मी बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेच. सप्टेंबरात बाळ येणार आहे. जर्मनीत एलियास खूप चालतं, आणि आम्हाला इथल्या शिक्षकांना म्हणता येईल असं नाव हवंय. पण सासूबाई म्हणतात, हे आपलं नाही. नाव ठेवावं का? आणि मराठीत लिहायचं कसं, एलियास की इलियास?

मिरजवाला

ताई, जर्मनीत 'ए'च म्हणतात, तेव्हा एलियास लिहा. मात्र सुट्टीत सांगली-मिरजेकडे आणलंत की लोक इल्यास म्हणणार आणि मशिदीकडचा रस्ता दाखवणार, एवढी तयारी ठेवा. वाईट काही नाही त्यात, रस्ता चांगला आहे.

शब्दवेल्हाळ

'आपलं नाही' हे सासूबाईंना म्हणू द्या आणि बाळाचं दुसरं नाव त्यांना ठेवायला सांगा. निम्मा वाद तिथेच मिटतो. अर्थ विचारला तर मात्र खरा सांगा. 'माझा देव याहू' हे एका विशिष्ट देवाचं नाव घेऊन केलेलं विधान आहे, 'तेजस्वी', 'सूर्यासारखा' वगैरे जे नावांच्या साइटींवर लिहिलेलं असतं ते हेलिओसच्या गोंधळातून आलंय.

वाह्यात_वाटसरू

ताई, काहीही लिहा. रम्या, पक्या, मक्या यांच्या नियमाने तो पहिलीत जायच्या आत 'इल्या' होणार. आणि वर धाग्यात दिलंच आहे, ते शुद्ध रशियन आहे. मॉस्कोत पासपोर्टवर तसंच लिहितात.

म्युनिकची_नवआई

हाहा, हे सासूबाईंना वाचून दाखवते.

सह्याद्रीचा_सोबती

येल विद्यापीठाचा तो येल, मद्रासचा गव्हर्नर, त्याचं नाव एलिहू होतं ना? तोही यातलाच?

शब्दवेल्हाळ

चुलत भाऊ म्हणा. एलिहू म्हणजे 'तो माझा देव'. घटक तेच, पण शेवटी 'याहू' नाही, 'हू' म्हणजे 'तो' आहे. ईयोबाच्या पुस्तकात या नावाचा एक तरुण मधेच उठून लांबलचक भाषण करतो. येलसाहेबाचा मद्रासचा कारभार १६८७ ते १६९२.

स्कोप्येवाला

एक राहिलंच. अलास्का आणि कॅनडाच्या सीमेवर ५४८९ मीटरचं माउंट सेंट एलियास आहे. १७४१ साली बेरिंगची रशियन मोहीम तिथे पोचली ती इल्याच्या सणाच्या सुमारास. ग्रीक टेकडीवरचा म्हातारा बघता बघता हिमनद्यांपर्यंत गेला.

आक्षीकर

सगळ्यांचे आभार, निम्मं तर मलाच माहीत नव्हतं. मावशी, मलिद्यावर वेगळा धागा तुम्हीच काढा, पोहे जाड की पातळ यावरून तिथे दोनशे प्रतिसाद नक्की. मी पुढच्या आठवड्यात अलीशावर लिहितोय, म्हणजे एलियाहूचा झगा ज्याने उचलला तो. त्याच्या नावाची रूपं कुणाकडे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वाह्यात_वाटसरू

टक्कल चिडवणाऱ्या पोरांवर अस्वलं सोडणारा तो हाच ना? मग पहिल्या रांगेत जागा धरा. आमच्याकडे हा विषय नाजूक आहे.